परवाने ऑनलाइन करताय? आधी नाक्यावरचे नियम कागदावर उतरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. सह्याद्रीतल्या एका गडाच्या पायथ्याच्या गावात तुम्ही संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे सचिव आहात. गड अभयारण्याच्या हद्दीत आहे. आत्ता चेकनाक्यावर पावती पुस्तकातून माणशी उपद्रव शुल्क घेतलं जातं आणि मुक्कामी येणारे ट्रेकर व्हॉट्सअ‍ॅपवर आधी नावं कळवतात. श्रावणातल्या शनिवार-रविवारी नाक्यावर गाड्यांची रांग लागते, वादावादी होते, संध्याकाळी हिशोब जुळत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी सांगितलंय की पुढच्या पावसाळ्याआधी सगळं ऑनलाइन करा. तुम्ही विचारताय की वेबसाइट कोणाकडून करून घ्यावी, खर्च किती येईल आणि नाक्यावर बसणाऱ्या गावच्या पोरांचं काम जाईल का.

वन समित्यांच्या आणि गेटवरच्या परवान्यांच्या व्यवस्था लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. एका दिवशी गडावर किती माणसं सोडायची आणि त्या जागा कोणाला, कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे आज तुमच्याकडे लिहिलेलं आहे का? बहुतेक ठिकाणी नसतं. नाक्यावरचा जुना माणूस ते डोक्यात ठेवून चालवतो. पाऊस वाढला की साडेदहालाच गेट बंद करतो. शेजारच्या वाडीतल्या पाहुण्यांची पावती फाडत नाही. उशिरा आलेल्या बसमध्ये लहान मुलं दिसली की त्यांना वर न पाठवता खालचाच ओढा दाखवतो. संगणकाला हे जमणार नाही. त्याला जे लिहून द्याल तेच तो करेल, प्रत्येकाला करेल आणि रात्री दोन वाजतासुद्धा करेल. नियम कच्चा असेल तर तो कच्चा नियम हजारो लोकांना एकाच वेळी लागू होतो.

सुरुवात अधिकारापासून करा, कारण इथे गावागणिक फरक पडतो. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याचा अधिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे; समिती जे करते ते त्यांच्या यंत्रणेच्या वतीने. म्हणजे वेबसाइटवर ‘परवाना’ हा शब्द लिहायचा तर तो कोणाच्या सहीने, हे वन्यजीव विभागाच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल तर त्यांचीही संमती लागेल. वाट कोणाच्या मालकीच्या शेतातून जात असेल तर त्या शेतकऱ्याशी आत्ताच बोला. ऑनलाइन झाल्यावर गर्दी एका ठरावीक वेळी आणि ठरावीक वाटेने येते, आणि बांध तुटतो तो त्याचा. हे तीन कागद हातात नसतील तर पुढचं काही सुरू करू नका, असंच मी सांगेन.

आता जागा किती, हे पाहू. कास पठाराचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांमध्ये कासचं नाव आलं, फुलांच्या हंगामात गर्दी हाताबाहेर गेली आणि पुढे दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा व ऑनलाइन बुकिंग आलं. तिथेही आसपासच्या गावांच्या समित्याच गेट सांभाळतात. पण कासचा आकडा उचलून तुमच्या गडाला लावू नका. पठारावर माणूस पसरतो, गडावर तो अडकतो. तुमचा आकडा सगळ्यात अरुंद जागेवरून काढायला हवा. तुम्ही लिहिलंय की दरवाजाखाली कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत आणि तिथे एका वेळी एकच माणूस चढू शकतो. मग एखाद्या रविवारी त्या पायऱ्यांशी दोन माणसं उभी करा आणि तासाला किती लोक चढले, किती उतरले, वाट कधी तुंबली हे वहीत लिहून घ्या. दोन-तीन रविवार केलंत की आकडा आपोआप दिसायला लागतो. त्याच वेळी टाक्यातलं पाणी, शौचालयं आणि खालचं पार्किंग मोजा. यातला सगळ्यात लहान आकडा तो तुमचा आकडा. अमेरिकेत योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या सुळक्यावर शेवटच्या टप्प्यात लोखंडी तारा धरून चढावं लागतं. तिथे २०१० पासून परवाने सुरू झाले ते याच कारणाने, की तारांवर माणसं खोळंबून राहू नयेत. तिथली मर्यादा दिवसाला ३०० ची आहे आणि तीही दोन भागांत: सुमारे २२५ एका दिवसात जाऊन येणारे आणि ७५ मुक्कामाने फिरणारे.

ही विभागणी तुम्हालाही करावी लागेल. मुक्कामी माणूस शनिवारी चढतो आणि रविवारी उतरतो, म्हणजे तो दोन तारखांची जागा खातो. तयार मिळणाऱ्या बऱ्याच बुकिंग प्रणाली नाटकाच्या तिकिटासारख्या असतात, त्यात एक तिकीट म्हणजे एक खेळ. मुक्कामाचा हिशोब त्यांना येत नाही. प्रणाली दाखवायला कोणी आलं तर त्याला पहिलं हेच करून दाखवायला सांगा.

दुसरा गुंता वाटांचा. हरिश्चंद्रगडाचं पाहा. पाचनईची वाट अहिल्यानगर जिल्ह्यातून, खिरेश्वरची पुणे जिल्ह्यातून आणि नळीची वाट ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्यातून चढते. तिन्ही वाटांनी माणूस शेवटी त्याच माथ्यावर, त्याच कोकणकड्यावर येतो. तुमच्या गडालाही मागच्या बाजूने दुसऱ्या गावाची वाट आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या गावाशी जागांची वाटणी ठरली नाही, तर तुमचं गेट भरलं की लोक तिकडून येतील, तुमची मर्यादा कागदावर राहील आणि दोन गावांत वितुष्ट येईल ते वेगळं. दोन्ही ग्रामसभांचे ठराव आधी घ्या. हे काम वेबसाइटपेक्षा अवघड आहे, आणि गावातल्या माणसाशिवाय ते कोणी करू शकत नाही.

जागा ठरल्या की त्या द्यायच्या कशा, इथे माझं मत ठाम आहे. सगळ्या जागा एकदम उघडू नका. महिनाभर आधी सगळ्या उघडल्या तर ज्यांच्याकडे चांगलं नेटवर्क आहे, कार्ड आहे आणि सुट्ट्यांचं नियोजन आधी ठरतं, त्यांच्याच पदरात त्या जातात. मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमधल्या तंबूच्या जागांचा अभ्यास केला, तेव्हा आरक्षणाने जागा घेणारे लोक ‘जो आधी येईल त्याला’ पद्धतीने येणाऱ्यांपेक्षा जास्त उत्पन्नाच्या भागांतून येतात असं दिसलं. आपल्याकडे हे अंतर आणखी मोठं असणार. तालुक्याच्या गावातला कॉलेजचा मुलगा शुक्रवारी रात्री ठरवतो आणि शनिवारी एसटीने येतो. त्याला गड बंद करून आपण काय मिळवलं?

म्हणून जागांचे तीन वाटे करा. मोठा वाटा महिनाभर आधी उघडा. दुसरा दोन दिवस आधी उघडा, तोवर हवामानाचा अंदाजही आलेला असतो. तिसरा, लहान पण पक्का, नाक्यावर समक्ष येणाऱ्यांसाठी ठेवा. अ‍ॅरिझोनातल्या ‘द वेव्ह’ नावाच्या वालुकाश्माच्या जागी असाच विचार आहे. तिथल्या रोजच्या ६४ जागांपैकी ४८ महिने आधीच्या सोडतीने जातात आणि १६ दोन दिवस आधीच्या सोडतीने. ही दुसरी सोडत पूर्वी कानाब या जवळच्या गावात समोरासमोर काढली जायची. २०२२ मध्ये ती मोबाइलवर गेली, पण अर्ज करणारा त्या परिसरातच असला पाहिजे, ही अट ठेवली. म्हणजे समक्ष येणाऱ्याचा हक्क ऑनलाइन झाल्यावरही टिकवता येतो, फक्त तो ठरवून टिकवावा लागतो.

आणि देवळाचं विसरू नका. गडावर देवीचं ठाणं असेल, जत्रा असेल, महाशिवरात्रीला आसपासच्या वाड्यांतून लोक पायी येत असतील, तर त्यांना परवान्याच्या साखळीत ओढू नका. त्या तारखा प्रणालीत आधीच वेगळ्या टाका आणि त्या दिवशी पर्यटकांच्या जागा कमी करा. पिढ्यान्‌पिढ्या वर जाणाऱ्या माणसाला नाक्यावर क्यूआर कोड मागणं मला अजिबात मान्य नाही, आणि तुमच्या ग्रामसभेलाही होणार नाही.

बनावट तिकिटांबद्दल तुम्ही विचारलंय. खरी अडचण बनावट तिकिटांपेक्षा खऱ्या तिकिटांच्या साठेबाजीची असते. पन्नास जागा कुठल्याही नावाने उचलायच्या आणि शुक्रवारी चढ्या भावाने विकायच्या. यावर तोडगा तीन गोष्टींत आहे. बुकिंग करतानाच प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा प्रकार आणि त्याचे शेवटचे चार आकडे घ्या. नाव बदलायची सोय देऊ नका. जागा नको असेल तर ती परत करता यावी आणि पुन्हा सगळ्यांसाठी खुली व्हावी. आणि नाक्यावर ओळखपत्र खरोखर पाहा. ही तिसरी गोष्ट दोन आठवड्यांत ढिली पडते आणि साठेबाजाला नेमकं ते कळतं. रेल्वेने १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची केली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंद केला, तो याच रोगावरचा इलाज आहे. तुम्हाला आधारपर्यंत जायची गरज नाही. उलट आधारकार्डाचे फोटो मागवून साठवून ठेवूच नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे, आणि समितीच्या कार्यालयातल्या एका संगणकावर हजारो लोकांची ओळखपत्रं पडून राहणं धोक्याचं आहे.

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीसारख्या दिवसांना जागांच्या कित्येक पट मागणी असते. तिथे ‘सकाळी दहा वाजता खिडकी उघडेल’ ही पद्धत टाळा. दहाच्या ठोक्याला सर्व्हर बसतो आणि पैसे कापले पण तिकीट आलं नाही, अशा तक्रारी आठवडाभर निस्तराव्या लागतात. अशा मोजक्या दिवसांसाठी सोडत काढा. चार दिवस अर्ज घ्या, मग चिठ्ठी. म्हाडाच्या घरांमुळे सोडत आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. पैसे मात्र नाव लागल्यावरच घ्या.

ट्रेक ग्रुपचा विषय वेगळा हाताळा. पुण्या-मुंबईहून चाळीस जणांची बस घेऊन येणारे आयोजक हे तुमचे नियमित पाहुणे आहेत, त्यांना दलालांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. त्यांची वेगळी नोंदणी करा, दिवसाला त्यांच्यासाठी ठरावीक जागा ठेवा, आणि चार दिवस आधीपर्यंत सगळी नावं भरली नाहीत तर उरलेल्या जागा आपोआप खुल्या कोट्यात जातील असं करा.

आता पैसे, आणि इथे कृपया घाई करू नका. ताडोब्याच्या ऑनलाइन सफारी बुकिंगचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. तिथलं बुकिंग एका खासगी एजन्सीकडे होतं. पर्यटकांकडून जमा झालेल्या रकमेतले सुमारे १२ कोटी रुपये व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानला दिलेच नाहीत, अशी तक्रार झाली आणि २०२३ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. यातून समितीने घ्यायचं ते साधं आहे. पर्यटकाने भरलेला पैसा थेट समितीच्या बँक खात्यात आला पाहिजे आणि वेबसाइट चालवणाऱ्याचं बिल समितीने नंतर चुकतं केलं पाहिजे. ‘आमच्या खात्यात जमा होईल, दर महिन्याला हिशोब करून पाठवू’ असं कोणी म्हणालं, तर तो कितीही ओळखीचा असला तरी नको म्हणा. वेबसाइटचा पत्ता समितीच्या किंवा वन विभागाच्या नावावर नोंदवा. माहितीचा पूर्ण उतारा दर आठवड्याला तुमच्याकडे आला पाहिजे, ही अट करारात घाला. भांडण झालं तर पुढच्या रविवारची यादी तरी हातात असेल. रोज संध्याकाळी तीन आकडे जुळवा: प्रणालीत किती तिकिटं निघाली, बँकेत किती आले आणि नाक्यावर किती माणसं आत गेली. तिसरा आकडा सगळे विसरतात, आणि चोरी झालीच तर ती बहुतेक तिथेच सापडते.

नाक्यावर नेटवर्क नाही हे तुम्ही लिहिलंय, आणि ते दरीतल्या बहुतेक गेटांना लागू आहे. ‘टॉवर येणार आहे’ यावर विसंबू नका. तपासणीचं अ‍ॅप नेटशिवाय चाललं पाहिजे: आदल्या संध्याकाळी रेंजमध्ये येऊन दुसऱ्या दिवसाची यादी फोनवर उतरवायची आणि दिवसभर तिच्यावरच क्यूआर तपासायचे. त्या यादीची एक छापील प्रत नाक्यावर हवीच, पावसात फोन बंद पडतात. दोन दिवस आधीच्या कोट्याची विक्री आदल्या दुपारी थांबवा, म्हणजे यादी पक्की होते. आणि समक्ष येणाऱ्यांसाठी पावती पुस्तक चालूच ठेवा. त्यांचा कोटा वेगळा असल्यामुळे दोन्हींची गल्लत होत नाही.

रद्द करण्याचा नियम पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत हवा. जुलैमध्ये हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो, जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली प्रवेशबंदी लावतात आणि शुक्रवारी रात्री तुमचा फोन वाजायला लागतो. बंदी प्रशासनाची असेल तर पूर्ण पैसे परत आणि तेही अर्ज न मागता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी एक बटण दाबलं की त्या तारखेच्या सगळ्यांना निरोप आणि परतावा गेला पाहिजे. पर्यटकाने स्वतः रद्द केलं तर तीन दिवस आधीपर्यंत बहुतांश रक्कम परत द्या. काहीच परत मिळणार नसेल तर लोक रद्द करत नाहीत, नुसते येत नाहीत, आणि जागा वाया जाते. पाऊस कमी आहे, धबधबा दिसणार नाही, या कारणाला परतावा नाही हेही लिहून ठेवा, ती तक्रार हमखास येते.

गावच्या पोरांचं काम जाईल का? पावती फाडण्याचं काम कमी होईल. पण तपासणी, पायऱ्यांवर उभं राहून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना क्रमाने सोडणं, पार्किंग, फोनवर उत्तरं देणं आणि वाट दाखवणं ही कामं वाढतात. हे आपोआप होत नाही, म्हणून ठरावात घाला: कोण कुठल्या कामावर, किती मानधनावर. गाइडचं बुकिंगही याच प्रणालीत घ्या, मात्र पाळीने. पर्यटकाला गाइड निवडायची सोय दिली, तर ज्याचे फोटो इंटरनेटवर जास्त त्यालाच सगळं काम जातं आणि पन्नाशीचा अनुभवी वाटाड्या घरी बसतो.

जमलं तर पहिला हंगाम पूर्ण ऑनलाइन करू नका. याच पावसाळ्यात हे वाटे, ही मर्यादा, हे नियम कागदी पावतीवरच लावून पाहा. फोनवर नावं घ्या, यादी करा, मर्यादा संपली की नाही म्हणा. कुठे अडतं ते ऑगस्टपर्यंत कळेल. मग ऐन गर्दीच्या मोजक्या तारखाच ऑनलाइन न्या, आणि बाकीच्या पुढच्या वर्षी. अधिकाऱ्यांना ही योजना लेखी दिलीत तर ते सहसा मुदत देतात, कारण पहिल्याच रविवारी फसलेली वेबसाइट त्यांनाही नकोच असते.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तो तुमच्या जागांच्या संख्येवर आणि तुम्ही नवी प्रणाली बांधता की चालू असलेली भाड्याने घेता यावर ठरेल. दिवसाला काही शे माणसांच्या गडासाठी नवी बांधू नका. आधी वन्यजीव विभागाला विचारा की त्यांच्याकडे चालू असलेल्या बुकिंगमध्ये तुमचं गेट जोडता येईल का. कोणाचंही दरपत्रक आलं की त्यात या गोष्टी वेगळ्या लिहून मागा: बांधणी किंवा भाडं, सर्व्हर, ओटीपी आणि निरोपांचे एसएमएस, पेमेंट गेटवेचं (म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून खात्यात पोचवणाऱ्या सेवेचं) शुल्क, परतावा देताना कापली जाणारी रक्कम आणि पावसाळ्यातली दुरुस्ती. यूपीआयवर २०२० पासून व्यापाऱ्याकडून टक्केवारी घेतली जात नाही, तरी गेटवे कंपन्या स्वतःची फी लावतात, ती नीट वाचा. आणि दरपत्रकात कधीच नसलेला एक खर्च तुम्ही स्वतः धरा: हंगामात सकाळी सात ते रात्री नऊ फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार. हे काम आज नाक्यावर हिशोब लिहिणाऱ्या मुलीला द्या. गडाची प्रत्येक वाट तिला माहीत आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि फोन करणाऱ्या निम्म्या लोकांना वाटेचंच विचारायचं असतं.